रित्या ओटीची बाळंतीण

मराठी घरात 'बाळंतीण' हा शब्द उच्चारला, की त्याच्यामागून एक सबंध व्यवस्था आपोआप चालत येते. शेक-शेगडी, बाळंतशेपा, ओवा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, अंग चोळायला येणारी बाई आणि सव्वा महिन्याची हक्काची विश्रांती. घर कितीही गरीब असले, तरी या दिवसांत बाळंतिणीच्या ताटात तुपाचा एक थेंब अधिक पडतो. आपली ख्रिस्ती घरे याला अपवाद नाहीत; उपासना बदलली, तरी बाळंतिणीची खोली बदलली नाही. परंतु या व्यवस्थेला एक अलिखित अट आहे. बाळंतिणीच्या मांडीवर मूल असले पाहिजे. जिने आपले मूल दुसऱ्याच्या ओटीत घातले, तिच्यासाठी शेगडी पेटत नाही, लाडू वळले जात नाहीत आणि तिला कोणी बाळंतीण म्हणतही नाही. 'झाले गेले विसरून जा' एवढे एकच पथ्य तिला सांगितले जाते.

समाजाने असे वागावे याचे फारसे नवल वाटत नाही. समाज आपल्या लाजेच्या जागा झाकीत आलाच आहे. साहित्याचे काम मात्र झाकलेले पाहण्याचे असते. म्हणून या लेखात एक मर्यादित प्रश्न हाती घेऊन आम्ही काही जुन्या-नव्या कलाकृतींकडे पाहणार आहोत. मूल दत्तक दिलेल्या मातेचे बाळंतपण साहित्याला दिसले आहे काय? तिच्या पाप-पुण्याचा निवाडा आम्हांस येथे करावयाचा नाही, आणि वीस-तीस वर्षांनी होणाऱ्या मायलेकरांच्या भेटीचे वर्णनही करावयाचे नाही. प्रसूतीनंतरचे चाळीस दिवस, एवढाच आमचा विषय. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की बहुतेक कथाकार या मातेला प्रसूतीच्या उंबरठ्यावर सोडून देतात आणि एकदम भेटीच्या प्रसंगी पुन्हा हाताशी धरतात. मधले दिवस गाळले जातात. आणि जे कथेत गाळले जाते, ते घरातही सहज गाळले जाते.

शरीराला करारनामा कळत नाही

प्रथम शरीराची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्याकडे तिचा उच्चार संकोचाने होतो. वार पडली, की मातेच्या रक्तातील काही संप्रेरके एकाएकी उतरतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास स्तनांत दूध भरू लागते. मूल जवळ आहे की नाही, याची चौकशी शरीर करीत नाही. कागदावर सही झालेली असो वा नसो, पान्हा आपल्या वेळेला येतो. शेजारच्या खाटेवरचे परके मूल रडले, तरीही तो फुटतो. दूध साचून राहिले तर छाती दगडासारखी होते, ताप भरतो, कधी गळू होण्यापर्यंत मजल जाते. पूर्वी अशा वेळी छाती करकचून आवळून बांधण्याची रीत होती. आजचे वैद्यक ती सांगत नाही. आधार देणारे कपडे, गार पाण्याच्या घड्या, वेदना कमी होण्यापुरतेच दूध हाताने काढणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध, असा उपाय ते सांगते.

गर्भाशय पूर्वस्थितीला यायला सुमारे सहा आठवडे लागतात. अंगावरून जाणे, टाके, कंबरेची कळ, रात्रीचा घाम, कारण नसता येणारे रडू, हे सारे या मातेलाही असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसूतीपश्चात शुश्रूषेविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत पहिल्या चोवीस तासांनंतर आणखी किमान तीन वेळा मातेची तपासणी व्हावी असे म्हटले आहे: ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, सातव्या ते चौदाव्या दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. आपल्या घरांत या तपासण्या बहुधा बाळाच्या निमित्ताने होतात. बाळाला लस टोचायला नेले, की आईचीही विचारपूस होते. जिच्यापाशी बाळच नाही, तिला दवाखान्यात जाण्याचे निमित्तही उरत नाही.

मनाचे तसेच. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली एका विशिष्ट प्रकारच्या शोकाला नाव दिले. जो शोक समाज शोक म्हणून मान्यच करीत नाही, ज्याला ना सुतक ना सांत्वन, तो हा शोक. त्याला आपण 'हक्क नाकारलेला शोक' म्हणू या. मूल गेले तर शेजारी येऊन बसतात; मूल दिले तर कोणी येत नाही, कारण देणे ही तिची स्वतःची कृती मानली जाते. आपणच केलेल्या गोष्टीबद्दल रडावयाचे कसे, असा पेच तिच्यापुढे पडतो. प्रसूतीनंतरचे नैराश्य कोणत्याही मातेला गाठू शकते. ज्या मातेला रडण्याचीच मुभा नाही, तिचे नैराश्य ओळखणार कोण?

कुंतीचा पान्हा कोठे गेला?

आता साहित्याकडे वळू. भारतीय वाङ्मयात मूल देणाऱ्या मातेची आद्य कथा कुंतीची. महाभारताच्या वनपर्वात ती विस्ताराने येते. अविवाहित राजकन्येने गर्भ लपविला, एका दाईच्या मदतीने ती प्रसूत झाली आणि मेणाने लिंपलेल्या पेटीत बालकाला ठेवून तिने ती अश्वनदीत सोडली. पेटी चर्मण्वती, यमुना, गंगा असा प्रवास करीत चंपानगरीला पोहोचली. अधिरथ आणि राधा या निपुत्रिक दांपत्याने ते मूल वाढविले. येथवर सर्वांस ठाऊक आहे.

व्यासांचे सामर्थ्य असे, की पेटी सोडताना कुंती जो विलाप करते, त्यात मुलाच्या तहानेचा उल्लेख आहे. जी स्त्री याला स्तनपान देईल ती धन्य, अशा आशयाचे उद्गार ती काढते. पुढे उद्योगपर्वात श्रीकृष्णाशी बोलताना कर्ण आपल्या पालक मातेविषयी सांगतो, की माझ्यावरील स्नेहाने राधेला तत्क्षणी दूध उतरले. या दोन जागा एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. राधेच्या दुधाची नोंद महाकाव्याने आदराने घेतली आहे. जिने नऊ महिने पोटात वाढविले, तिच्या दुधाचे काय झाले, हे मात्र कोठेही आलेले नाही. ते दूध त्या राजवाड्यात कोणी आणि कसे आटविले असेल? ताप भरला असेल तर दाईने काय सांगून वेळ मारून नेली असेल? महाभारत येथे गप्प आहे.

या मौनाला महाकाव्याने एक कारणही पुरविले आहे, आणि ते फार बोलके आहे. सूर्यदेवाने कुंतीला वर दिला होता, की तिचे कन्यात्व अबाधित राहील. म्हणजे प्रसूतीनंतर शरीर जणू काही घडलेच नाही असे होईल. पुराणकथा म्हणून या वराचा अर्थ काहीही असो. समीक्षक म्हणून आम्हांस त्यात समाजाची एक अतिप्राचीन इच्छा दिसते. मूल कोणाच्या तरी घरी सुखरूप पोहोचावे आणि मुलीच्या अंगावर त्याची खूणही राहू नये, ही ती इच्छा. देवाने दिलेला तो वर पुढे माणसे आपल्या मुलींना सक्तीने देऊ लागली: 'तुला काही झालेलेच नाही, असे समज.'

पण व्यासांसारखा कवी शरीराला फार काळ खोटे बोलू देत नाही. आदिपर्वातील शस्त्रकौशल्याच्या प्रसंगी रंगभूमीवर कवचकुंडले ल्यालेला तरुण उभा राहतो, आणि प्रेक्षकांत बसलेली कुंती मूर्च्छित पडते. विदुर तिला चंदनाच्या पाण्याने सावध करतो. सभेला तिच्या मूर्च्छेचे कारण कळले नाही. जे बाळंतपण कोणी केले नाही, ते इतक्या वर्षांनी तिच्या शरीराने भर सभेत मागितले, असे आम्ही या प्रसंगाचे वाचन करतो. शेवटी युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी तिला सत्य बोलावे लागले. आणि त्याचे फळ म्हणून धर्मराजाने समस्त स्त्रीजातीला शाप दिला, की यापुढे त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. गुपित ठेवण्याची किंमत तिने आयुष्यभर मोजली, आणि गुपित ठेवल्याबद्दल शापही तिलाच ऐकावा लागला.

मराठीत शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहिली आणि तिच्यात एक भाग कुंतीच्या तोंडी घातला. कुंतीला स्वतःच्या बाजूने बोलता आले, हे त्या कादंबरीचे ऋण मान्य केले पाहिजे. तरीही ग्रंथाची सारी रचना कर्णाच्या भोवती आहे, आणि वाचकाचे अश्रू त्याच्याच वाट्याला जातात. आपल्याकडे 'कर्णावर अन्याय झाला' हे वाक्य शाळकरी मुलालाही येते. कुंतीची शुश्रूषा कोणी केली, हा प्रश्न मात्र परीक्षेत विचारला जात नाही.

योखेबेद आणि हन्ना

पवित्र शास्त्रात याच्याशी ताडून पाहण्यासारख्या दोन माता आहेत. पहिली मोशेची आई योखेबेद. तिनेही तीन महिन्यांचे मूल लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात ठेवून नदीकाठी सोडले. फारोच्या मुलीला ते सापडले, आणि दुरून पाहत उभ्या असलेल्या बहिणीने दाई आणून देण्याची तयारी दाखविली. आणलेली दाई म्हणजे मुलाची जन्मदात्रीच. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात या घटनेचा तपशील असा आहे, की राजकन्येने तिला दूध पाजण्याचे वेतन देऊ केले. आमच्या मते प्राचीन वाङ्मयातील ही एक विलक्षण जागा आहे. येथे लेखकाने मातेच्या दुधाला वाट ठेवली आहे. तिला आई म्हणविता आले नाही, पण तिचे शरीर खोटे ठरविले गेले नाही. उलट त्याचे मोल झाले.

तथापि याच कथेत एक दुसरा वियोगही आहे, आणि आपल्या प्रवचनांतून तो क्वचितच ऐकू येतो. मूल मोठे झाल्यावर योखेबेदने त्याला राजकन्येकडे आणून पोहोचविले. ग्रंथाने त्याला एवढीच जागा दिली, आणि पुढच्याच प्रसंगात मोशे प्रौढ झालेला आहे. राजवाड्याच्या दारातून ती स्त्री कशी परतली, हे वाचकाने स्वतःशी वाचावयाचे आहे.

दुसरी माता हन्ना. तिची गोष्ट दत्तकाची नव्हे, नवसाची आहे. तरी देण्याची आहे. शमुवेलाला तिने एली याजकाच्या स्वाधीन केले, पण अंगावरचे दूध तुटल्यानंतर, आपल्या वेळेला. पती वार्षिक यज्ञाला निघाला असता, मूल अजून पिते आहे म्हणून ती त्या वर्षी घरीच राहिली, आणि पतीने ते मान्य केले. पुढे दरवर्षी ती मुलासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. मुलाची उंची वाढत गेली तसा झगाही वाढत गेला असेल. म्हणजे न पाहिलेल्या मुलाचे माप ती वर्षभर मनात धरीत असली पाहिजे. मूल दिलेल्या मातेलाही काही तरी करावयास उरते, तिचे मातृत्व संपत नाही, हे सांगणारा याहून साधा तपशील आम्हांस अन्यत्र आढळला नाही.

एवढेच नव्हे, तर पवित्र मरियेचे बाळंतपणही ख्रिस्तसभेने आपल्या पंचांगात मोजून ठेविले आहे. नाताळापासून चाळीस दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मंदिरातील समर्पणाचा सण येतो, तो लेवीय नियमातील प्रसूतीनंतरच्या चाळीस दिवसांना धरूनच. जी ख्रिस्तसभा आपल्या स्वामीच्या मातेचे चाळीस दिवस विसरली नाही, तिला कोणत्याही मातेचे चाळीस दिवस परके वाटावयास नको होते. इतिहास तसा झाला नाही. प्रसूत मातेला मंदिरात घेऊन आशीर्वाद देण्याचा जो जुना विधी होता, त्याचा अधिकार विवाहित मातांपुरताच मानला जाई.

नावातही आई नाही

महाराष्ट्राने या मातांसाठी काहीच केले नाही असे मात्र नाही. १८६३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे येऊन बाळंत होता येई. मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे, ही मोकळीक त्यांना होती. सावित्रीबाईंनी या स्त्रियांची बाळंतपणे केली. त्या काळाच्या मानाने हे धैर्य अलौकिक होते. याच प्रयत्नाच्या वाटेवर पुढे १८७५ साली पंढरपुरातही असे गृह निघाले. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले; तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

येथे एक निरीक्षण नोंदविणे भाग आहे, आणि ते फुल्यांविषयी नसून त्यांच्यावर लिहिणाऱ्यांविषयी आहे. चरित्रग्रंथांत यशवंताचे पुढचे आयुष्य येते, सावित्रीबाईंचे वात्सल्य येते, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी केलेल्या रुग्णसेवेचे हृद्य वर्णन येते. काशीबाई मात्र प्रसूतीबरोबर कथेतून निघून जाते. संस्थेच्या नावातही बालक आहे, हत्या आहे, प्रतिबंध आहे, माता नाही. ते नाव त्या काळाला समजेल असे ठेवावे लागले, हे उघड आहे. परंतु ज्यांनी त्या दारामागे शेगडी पेटविली, त्यांच्या कार्यातील हा अर्धा भाग आमच्या चरित्रकारांनी अंधारातच ठेविला.

आयर्लंडचा आरसा

आता जो भाग येतो तो कॅथोलिक वाचकास कटू वाटेल. पण तो वगळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आयर्लंडमध्ये अविवाहित मातांसाठी 'मदर अँड बेबी होम' म्हणून संस्था होत्या, आणि त्यांपैकी कित्येक धर्मभगिनी चालवीत. १२ जानेवारी २०२१ रोजी तेथील चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. १९२२ ते १९९८ या काळातील १८ संस्थांची त्यात पाहणी आहे. सुमारे ५६,००० स्त्रिया आणि ५७,००० मुले या संस्थांतून गेली. सुमारे ९,००० मुले दगावली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी संसदेत क्षमायाचना केली. आपल्या साक्षींना पुरेसे वजन दिले गेले नाही, अशी त्या संस्थांतून गेलेल्या अनेकांची अहवालाविरुद्ध तक्रार आहे, तीही नोंदविली पाहिजे. अहवालाचे एक विधान मात्र प्रत्येक कुटुंबाने वाचावे असे आहे: या स्त्रियांना मिळालेल्या कठोर वागणुकीची मुख्य जबाबदारी त्यांच्या मुलांच्या पित्यांवर आणि त्यांच्या स्वतःच्या घरच्यांवर आहे, आणि त्यास राज्यसंस्थेने व धर्मसंस्थांनी हातभार लावला. मुलगी संस्थेच्या दारात आपोआप उभी राहत नाही. तिला कोणी तरी घरातून बाहेर काढलेले असते.

या संस्थांपैकी रॉसक्रे येथील एकीत फिलोमिना ली ही तरुणी १९५२ साली प्रसूत झाली. तीन वर्षे मूल त्याच छताखाली राहिले, आणि १९५५ च्या डिसेंबरात ते अमेरिकेत दत्तक गेले. मार्टिन सिक्सस्मिथ यांनी २००९ साली ही हकीकत पुस्तकरूपाने मांडली, आणि स्टीफन फ्रीअर्स यांनी २०१३ साली तिच्यावर 'फिलोमिना' हा चित्रपट काढला. दोन्ही कृतींची तुलना आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पुस्तकाच्या शीर्षकात मातेचे नाव आहे, परंतु पुस्तकाची बहुतेक पाने मुलाने व्यापली आहेत: त्याचे अमेरिकेतील शिक्षण, रिपब्लिकन पक्षातील वकिली, १९९५ सालचा अकाली मृत्यू. चित्रपटाने तोल मातेकडे वळविला. ज्यूडी डेंच यांनी उभी केलेली वृद्ध फिलोमिना श्रद्धा न सोडता प्रश्न विचारते, आणि क्षमाही करते. शेवटी वृद्ध धर्मभगिनीशी होणारा सामना चित्रपटकारांनी रचलेला आहे, कारण ती भगिनी १९९५ सालीच निवर्तली होती. एखाद्या मृत व्यक्तीच्या तोंडी कठोर वाक्ये घालणे हा कलेच्या स्वातंत्र्याचा गैरवापर आहे, असे आमचे मत आहे. पण एवढ्या दोषावरून चित्रपट नाकारणाऱ्यांनी हेही विसरू नये, की मूल आपल्या आईला आणि आई आपल्या मुलाला शोधीत त्याच दारात येऊन गेली होती, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता मिळाला नव्हता. हा भाग रचलेला नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २६ ऑगस्ट २०१८ रोजी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील मिस्साबलिदानाच्या वेळी या मातांची क्षमा मागितली. मुलाचा शोध घेणे हे मर्त्य पाप आहे असे त्यांना सांगितले गेले होते; ते पाप नाही, तो चौथ्या आज्ञेचाच भाग आहे, असे परमगुरूंनी त्या वेळी स्पष्ट केले.

आयर्लंडमध्ये मातेला मुलासह काही काळ ठेवून तिच्याकडून काम करवीत. अमेरिकेतील रीत उलटी, वेगाची होती: काही दिवसांत मूल द्यावयाचे आणि घरी परतावयाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून १९७३ पर्यंत तेथे सुमारे पंधरा लक्ष मुले दत्तक गेली. स्वतः दत्तक गेलेल्या ॲन फेस्लर यांनी अशा शंभराहून अधिक मातांच्या मुलाखती घेऊन २००६ साली 'द गर्ल्स हू वेंट अवे' हे पुस्तक प्रसिद्ध केले. वाङ्मय म्हणून त्याची मांडणी साधी आहे. पण जे कुंतीविषयी महाकाव्याने सांगितले नाही, ते येथे स्त्रिया स्वतः सांगतात. घरी परतल्यावर कोणी विषय काढला नाही, शाळेत वा कामावर जणू सुट्टीवरून आल्यासारखे जावे लागले, आणि प्रत्येक वाढदिवशी मूल आज किती वर्षांचे झाले असेल हे त्या मनात मोजीत राहिल्या. ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीने २०१२ साली दिलेल्या अहवालात तर प्रसूतीच्या वेळी मातेला मूल दिसू नये म्हणून मध्ये चादर धरल्याच्या आणि न विचारता दूध आटविणारी औषधे दिल्याच्या साक्षी आहेत. तेथील कॅथोलिक आरोग्यसेवा संघटनेने २०११ साली, आणि पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २१ मार्च २०१३ रोजी देशाच्या वतीने, क्षमा मागितली. कुंतीला मिळालेला वर आधुनिक रुग्णालयात सुईच्या टोकाने दिला जात होता, एवढाच फरक.

या सर्व वाङ्मयात आम्हांस अधिक मोलाची वाटलेली कृती सर्वांत लहान आहे. क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' ही कादंबरिका २०२१ साली आली, बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचली, आणि २०२४ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. १९८५ सालच्या नाताळापूर्वीचे दिवस. न्यू रॉस गावचा कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग मठात माल पोहोचवायला जातो, तेव्हा कोळशाच्या कोठीत त्याला एक कोंडलेली मुलगी सापडते. ती आपल्या चौदा आठवड्यांच्या बाळाची चौकशी करते. तिची काळजी आहे ती त्याच्या दुधाची. फर्लाँग स्वतः एका अविवाहित मातेचा मुलगा; त्याच्या आईला एका प्रॉटेस्टंट विधवेने घरातून काढले नाही, म्हणून तो माणसात वाढला. अखेरीस तो त्या मुलीला घेऊन गावातून चालत स्वतःच्या घराकडे निघतो.

कीगन यांनी कोणाला खलनायक केले नाही आणि भाषणे लिहिली नाहीत. शेजारी, गिऱ्हाईक, चांगली शाळा, मुलींचे भवितव्य, या साध्या हिशेबांनी माणसे कशी गप्प बसतात, ते त्यांनी दाखविले. या संयमाबद्दल ही कृती श्रेष्ठ आहे. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात येते. कादंबरिका जेथे संपते, तेथून त्या मुलीचे बाळंतपण सुरू व्हावयाचे आहे. फर्लाँगची पत्नी दार उघडील, मग काय? तिला झोपावयास कोठली खाट मिळेल? सकाळी तिच्या ताटात काय पडेल? लेखिकेने हे लिहिले नाही, आणि तो दोष नव्हे. ती पाने प्रत्येक धर्मग्रामातील कुटुंबांनी लिहावयाची म्हणून कोरी ठेविली आहेत, असे आम्ही समजतो.

कोरी पाने

आयर्लंडमधील पुष्कळ मातांना निवड नव्हती. आज आपल्या देशात ती कायद्याने आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ३५ व्या कलमानुसार, शारीरिक, भावनिक वा सामाजिक कारणांमुळे मूल वाढविणे शक्य नसलेल्या पालकांना ते बालकल्याण समितीपुढे समर्पित करता येते. समुपदेशनानंतर समर्पणपत्र होते, आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांचा अवधी दिला जातो. हा अवधी आणि सूतिकाकाल जवळजवळ एकच आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ज्या दिवसांत कायदा तिला शांतपणे विचार करावयास सांगतो, त्याच दिवसांत तिचे अंग तापलेले असते, झोप उडालेली असते, छाती भरून आलेली असते. अशा मुलीला कोणी गरम पेज दिली नाही, तपासणीस नेले नाही, तिच्यापाशी कोणी बसले नाही, तर तिची सही तिची राहते काय? म्हणून तिचे बरे होणे ही दयेची किंवा चैनीची बाब नसून, तिचा निर्णय तिचा स्वतःचा ठरण्याची अट आहे. मूल देण्याचा निर्णय ती कायम ठेवो अथवा बदलो, शेगडी दोन्ही वेळा पेटली पाहिजे.

दत्तक घेणाऱ्या दांपत्यांचा ख्रिस्तसभा गौरव करते आणि तो योग्यच आहे. २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया' या प्रेरितिक पत्रातही दत्तक घेणे ही प्रेमाची कृती म्हटली आहे. राधेची थोरवी कोणी कमी करू नये. परंतु ओटीत मूल पडले म्हणून घेणाऱ्या घरी पेढे वाटले जातात, त्या दिवशी दुसऱ्या एका घरी एक बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. पेढ्यांचा आनंद खरा आहे, आणि तिचे दुःखही खरे आहे. एक मान्य करण्यासाठी दुसरे नाकारावे लागत नाही.

तिला काय द्यावयाचे, याची यादी कोणा तज्ज्ञाकडून मागवावी लागणार नाही. आपल्या घरातील म्हाताऱ्या बायांना ती पाठ आहे. सव्वा महिना विश्रांती, गरम जेवण, अंगाला तेल, दूध साचले तर ओरडा न करता उपाय, सहाव्या आठवड्याची तपासणी, आणि रडू आले तर ते थांबविण्याची घाई नको. पंधरा दिवस उलटूनही मन सावरत नसेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे. नैराश्याला उपचार आहेत. मुलाचे नाव तिने मनात ठेविले असेल, तर ते ऐकून घ्यावे. हन्नेने झगा शिवला, तसे तिलाही काही करावेसे वाटेल. दरवर्षी त्या तारखेला एक मिस्सा, एक मेणबत्ती, पाठविले न जाणारे एक पत्र. त्यास कोणी हसू नये. आणि धर्मगुरूकडे ती आली, तर आम्ही प्रथम तिची प्रकृती विचारावी. तिच्या पापाची यादी तिला आधीच गावाने ऐकविलेली असते.

साहित्याविषयीची आमची अपेक्षाही याहून निराळी नाही. मराठीत, विशेषतः आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्यात, या मातेची कथा कोणी लिहावयास घेतली, तर त्याने पेटीमागून नदीकाठाने धावू नये. पेटीला वाचविणारे हात साहित्याला पूर्वीपासून सापडत आले आहेत. लेखकाने थोडा वेळ काठावरच थांबावे. तेथे एक ओली बाळंतीण उभी आहे, आणि तिला थंडी वाजते आहे.